एका माणसापुरती जागा

अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ ज्याने काढला, त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. मारायचं नाही, नुसतं विचारायचं आहे की बाबा रे, तुला दुसरा उद्योग नव्हता का. नाव फुटबॉल, आणि बॉलला पाय लावायचा कधीतरी, तोही नाइलाज झाला की. बॉल म्हणावा तर गोल नाही, सोललेल्या नारळासारखा दोन्हीकडे निमुळता. जमिनीवर पडला की कुठे उडेल ते त्याचं त्याला ठाऊक. एकाने तो पोटाशी धरून चार पावलं पळायचं, बाकीच्यांनी त्याच्या अंगावर पडायचं, शिट्टी वाजली की सगळ्यांनी उठून डोक्याला डोकी लावायची, ढुंगणं दुनियेला दाखवायची आणि कुजबुजायचं. मग परत चार पावलं. या असल्या खेळापायी माझ्या जन्मातला एक दिवस गेला तो गेलाच. तो कुठला दिवस ते सांगतो, म्हणजे माझा संताप तुम्हाला कळेल.

मी जाफर मुकादम. सत्तावन्न साली मी कुवेतमध्ये, वफ्राच्या ऑइल कॅम्पात मेसचा हेड होतो. वफ्रा म्हणजे पार दक्षिणेकडचं वाळवंट. कंपनी अमेरिकन, साहेब अमेरिकन, आणि त्यांचं रांधायला, धुवायला, झाडायला आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. माझा चुलतभाऊ तिकडेच अहमदी गावात इंग्रजांच्या कंपनीत होता. तिथे चार वाजता साहेबाला चहा दिला, शुक्रवारी क्रिकेटच्या वेळी मैदानावर सरबत नेलं, की नोकरी झाली. कुणी त्याला कधी खेळात ओढलं नाही. आमचं नशीबच फुटकं.

आमचा बडा साहेब डॉब्स. रजा त्याच्या सहीने, सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या तिजोरीत. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. कुणी आजारी पडला तर स्वतः गाडी काढणारा. पण तेलात येण्याआधी तो त्याच्या मुलखातल्या कुठल्याशा कॉलेजात या फुटबॉलचा कोच होता, आणि ते भूत काही उतरलं नव्हतं. नोव्हेंबरात त्यांचा एक सण असतो, टर्की नावाचा थोराड पक्षी भाजून खायचा. त्या दिवशी आमचा कॅम्प आणि समुद्राकडचा दुसरा अमेरिकन कॅम्प यांची मॅच व्हायची, आणि दर वर्षी आमचा कॅम्प सडकून मार खायचा. मला त्याचं सुखदुःख नव्हतं. मी टर्की भाजत होतो.

आता माझं सांगतो. त्या वर्षी माझ्या सईदाचा निकाह ठरला. मुलगा जहाजावर नोकरीला, मुंबईहून त्याचं जहाज सुटणार, म्हणून तारीख एक दिवसही मागेपुढे होण्यासारखी नव्हती. मी तीन वर्षं घरी गेलो नव्हतो. आमच्यात निकाहाच्या वेळी मुलीतर्फे बाप काझीसमोर बसतो आणि तोंडाने म्हणतो की मी माझी मुलगी दिली. पण बाप परदेशात असला तर काय? म्हणून बाहेर कमवायला निघालेला प्रत्येक माणूस जाण्याआधी भावाला सांगून ठेवतो की मी नसलो तर माझ्या जागी तू बस. आमच्या गावात अर्ध्या पोरी अशा काकांच्या तोंडूनच सासरी गेल्यात. मीही धाकट्या भावाला, हुसेनला, तसं सांगून आलो होतो. मात्र माझ्या बायकोने, रहिमाने, तीन वर्षांत एकच गोष्ट मागितली होती. कापड नको, घड्याळ नको, सईदाच्या निकाहाला तिचा बाप समोर बसलेला दिसू दे. मी हो म्हणून कळवलं होतं. आगबोट सणानंतरच्या शनिवारी होती. सण गुरुवारी. मधला अख्खा शुक्रवार माझ्या हातात होता, आणि डॉब्ससाहेबाची रजेवर सही झाली होती.

मग एक दिवस साहेबाची निम्मी टीम कंपनीने दुसऱ्या विहिरींवर पाठवून दिली. डोकं धरून तो माझ्या किचनमध्ये कॉफी मागायला आला, आणि त्याच वेळी मुस्तफा अर्धा बोकड खांद्यावर टाकून बर्फाच्या खोलीतून बाहेर आला. मुस्तफा आमचा मटण तोडणारा. दारातून वाकून यायचा, आणि वाकूनही दार घासायचा. साहेबाने त्याच्याकडे असं पाहिलं जसं आपण बकरी ईदच्या बाजारात पाहतो. मला तिथेच कळलं की आता काहीतरी लचांड येणार.

आलंच. मुस्तफा, धोबीखान्यातला अशरफ आणि आणखी तिघे असे पाच जण साहेबाने उचलले. पुढच्या फळीत हे पाच आणि बॉल देणारा तेवढा गोरा, बाकीचे गोरे मागे. आणि या पाचांना इंग्रजी येत नसल्यामुळे मी मधे. बोटीवर पॅन्ट्रीत काम केल्यामुळे मला इंग्रजी यायचं, त्याचा मला त्या महिन्यात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

मेसमध्ये मी जेवणाची यादी लिहायचो तो काळा फळा साहेबाने पुसून टाकला आणि त्यावर गोल आणि फुल्या काढायला लागला. महिनाभर कॅम्पात आज जेवायला काय आहे हे कुणाला कळलं नाही. फळा पुरेना तेव्हा माझ्या मिठाच्या बाटल्या टेबलावर मांडल्या. मीठ म्हणजे आपली माणसं, मिरपूड म्हणजे त्यांची. ढकलाढकलीत निम्मं मीठ टेबलावर सांडायचं, ते पुसायचं कुणी, तर मी.

मी भाषांतर करायचो आणि आमचे लोक मलाच प्रश्न विचारायचे, जसा काय हा खेळ माझ्या आजोबांनी काढला. नियम असा की चार डावांत बॉल दहा यार्ड पुढे न्यायचा. नेला तर आणखी चार डाव मिळतात. तीन डावांत जमलं नाही तर चौथ्याला बॉल लाथेने लांब उडवून समोरच्यांना देऊन टाकायचा. यावर अशरफचं डोकं फिरलं. एवढी मारामारी करून बॉल आपल्याकडे ठेवायचा आणि मग आपणच लाथ मारून त्यांना द्यायचा, तर मग घेतला कशाला, असं तो मला विचारत राहिला. मी साहेबाला विचारलं. साहेबाने त्यावर मला अर्धा तास भाषण दिलं. म्हणे बॉल कुणाच्या हातात आहे हे बघू नकोस, जमिनीवर कुठे आहे ते बघ. त्यांच्या दाराशी त्यांच्या हातात असलेला बॉल आपल्या दाराशी आपल्या हातात असलेल्यापेक्षा बरा. हे मी अशरफला सांगितलं. तो म्हणाला की धोबीखान्यात मी असं केलं तर साहेब मला हाकलून देईल. माझ्या मागे चुलीवर कांदा करपत होता.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर. दुसरा नियम असा की मधला गोरा बॉल मागे देईपर्यंत फळीतल्या कुणी केसभरही हलायचं नाही. आमचे लोक हलायचे. एक हलला की पाचही हलायचे. शिट्टी, पाच यार्ड मागे. परत शिट्टी, परत मागे. साहेबाने टोपी वाळूत आपटली आणि माझ्यावर ओरडला, जसा काय मीच हललो होतो. उन्हात उभं राहून राहून माझ्याही तोंडाला फेस आला होता. मी पाचांना फैलावर घेतलं. म्हटलं, अरे मेल्यांनो, नमाजाला सफ लावता की नाही? रांगेत खांद्याला खांदा, पायाला पाय, मधे बोटभर फट नाही. इमाम वाकल्याशिवाय वाकता का कधी? मग इथे काय होतं? तो बॉल देणारा गोरा हलेपर्यंत तसेच गप उभे राहा.

मुस्तफाने विचारलं की यात गुन्हा तर नाही ना होत. मी म्हटलं, उभं राहायचं फक्त तसं, पढायचं काही नाही.

अल्लाची कसम, त्यानंतर एक माणूस हलला नाही. पाचही जण असे उभे राहिले की सुतार लावून बसवलेत. सरावाला समोर उभे केलेले गोरे धडका देऊन देऊन दमले, फळी फुटेना. एक जण पडला की शेजारचा आपसूक सरकून त्याची जागा भरायचा. साहेबाने मला मिठी मारली. त्याच्या कॉलेजातल्या पोरांना हे शिकवायला दोन वर्षं लागायची म्हणे. मी पण खूश झालो, मूर्खासारखा.

कारण खरी कटकट त्यानंतर सुरू झाली. बॉल आपल्याकडे असला की फळीने नुसतं उभं राहून चालत नाही, मधे वाट पाडून द्यावी लागते. मुस्तफाने समोरच्याला डावीकडे दाबायचं, अशरफने दुसऱ्याला उजवीकडे, आणि मधल्या फटीतून मागचा गोरा बॉल घेऊन सुसाट निघणार. साहेबाचे सगळे डाव या एका फटीवर उभे होते. पहिल्या दिवशी बॉल सुटला, मुस्तफाने त्याचा माणूस दाबला, अशरफने त्याचा, मधे छान एका माणसापुरती वाट झाली. आणि गोरा तिथे पोचेपर्यंत मुस्तफाने एक पाऊल उजवीकडे टाकून ती बुजवून टाकली. गोरा मुस्तफाच्या पाठीवर आपटला आणि खाली बसला.

परत केलं. परत तेच. या वेळी अशरफ सरकला. तिसऱ्यांदा दोघेही सरकले आणि एकमेकांवर आदळले. मी ओरडलो, साहेब ओरडला, तो पळणारा गोरा नाकाला बर्फ लावून बसला. सात वर्षांचा असल्यापासून ज्याचा कान बापाने सफीत फट ठेवली म्हणून पिळला, त्याच्या समोर फट दिसली की पाय आपोआप जाणार. डोकं नाही म्हणत असलं तरी पाय ऐकत नाहीत. हे मला कळत होतं, पण साहेबाला कोण समजावणार? आणि ती सफीची अक्कल पाजळली होती कुणी, तर मी. माझ्या जिभेला हाड नाही ते असं.

आठवडा गेला. मी मुस्तफाला बाजूला घेतलं आणि हात जोडले. म्हटलं, बाबा, जुम्म्याच्या नमाजाला उशिरा आलेल्याला सरकून जागा देतोस ना? तेवढीच दे. जास्त मागत नाही.

मुस्तफा म्हणाला, “जाफरभाई, जागा देतो ती येऊन उभं राहणाऱ्याला. हा तर घुसून पळून जाणार.”

साहेबाला मी याचं भाषांतर केलंच नाही. डोकं दुखतंय सांगून किचनमध्ये गेलो.

त्या संध्याकाळी साहेब मेसमध्ये एकटाच बसला होता, पुढ्यात मिठाच्या बाटल्या. पाच बाटल्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या होत्या. बराच वेळ तो बोटाने त्या ढकलून बघत होता. मग मला हाक मारून म्हणाला की त्याच्या तरुणपणी एक म्हातारा कोच होता, त्याची जुनी रीत आता वापरायची. फळी फट पाडत नाही ना, नको पाडू दे. आपण फट मागायचीच नाही. बॉल हातात आला की चार डाव थांबायचं नाही, पहिल्याच डावाला लाथ मारून त्यांच्या दाराशी उडवायचा. मग फळी उभी करायची. ते त्यांच्या दाराशी कोंडलेले, पुढे भिंत. चुका होतील त्यांच्या.

मी विचारलं, नाही झाल्या तर?

“वेळ दिला की चूक सगळेच करतात, जाफर,” साहेब म्हणाला. “आपण फक्त वाट बघायची.”

अशरफला हा बेत सांगितला तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. आधी चौथ्या वेळी देऊन टाकायचा होता, आता पहिल्याच वेळी. मी म्हटलं, काही विचारू नकोस. सण झाला की मी आगबोटीवर असेन, मग तुम्ही आणि तुमचा बॉल काय तो गोंधळ घाला.

गुरुवारी सकाळी मी टर्की भट्टीत घातल्या आणि वाऱ्याने तोंड काढलं. दुपारपर्यंत समोरचा माणूस दिसेना. धुळीचं असलं वादळ नोव्हेंबरात सहसा येत नाही, पण आलं, माझ्यासाठीच. मॅच शुक्रवारवर गेली. शुक्रवारीही वारा थांबेना. साहेबाने मॅच शनिवारी ठेवली आणि मी सरळ त्याच्या ऑफिसात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, शनिवारी माझी बोट आहे. बोट कुवेत शहरासमोर समुद्रात उभी राहते, किनाऱ्यावरून शेवटची लाँच पाच वाजता सुटते, आणि इथून शहर वाळूच्या रस्त्याने अडीच तास. मला सकाळीच निघायला हवं.

साहेब उठला, तिजोरीतून माझा पासपोर्ट काढून माझ्या हातात ठेवला. जीपही तुझीच, म्हणाला, मैदानाच्या कडेला ड्रायव्हरसकट उभी ठेवतो. तुला आत्ता जायचं तर आत्ता जा. फक्त एवढंच, की तू नसलास तर त्या पाच जणांशी मी बोलणार कसा? अकराला मॅच सुरू. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग.

मी हिशोब केला. पंधरा चोक साठ. म्हणजे एक तास. मधे अर्धा तास विश्रांती धरा. साडेबाराला मोकळा. दीडला निघालो तरी चार वाजता किनाऱ्यावर. मी हो म्हटलं. दुनियेत कुठल्याही शहाण्या माणसाने असाच हिशोब केला असता. आमच्या गावात हुतुतू खेळतात, वीस मिनिटं म्हटली की वीस मिनिटं. घड्याळ थांबवून ठेवायचं असतं, हे कुणाच्या बापाने ऐकलंय?

आधी तर समोरचे लोकच साडेबाराला आले, रस्ता वाळूने बुजला होता म्हणून. मी माझी पत्र्याची पेटी जीपमध्ये ठेवून तिच्यावर बसलो होतो. पेटीत सईदासाठी जरीचा ओढणा होता. मॅच सुरू झाली. आमचा बॉल, आम्ही लाथ मारली. शिट्टी, आणि ज्या गोऱ्याच्या हातात घड्याळ होतं त्याने ते थांबवलं. त्यांनी तीन डाव भिंतीवर डोकं आपटलं, चौथ्याला लाथ मारली. घड्याळ थांबलं. बॉल रेषेबाहेर गेला, घड्याळ थांबलं. कुणाचा गुडघा दुखला, थांबलं. कुणी नियम मोडला, थांबलं, आणि वर सगळे साहेब गोल करून चर्चा करायला लागले. आणि आमचा बेतच असा की सारखी लाथ आणि सारखी अदलाबदल. दुसऱ्या कुठल्याही रीतीने खेळलो असतो तर घड्याळ निदान थोडं तरी पळालं असतं.

बघायला आलेले गोरे कंटाळून ओरडायला लागले. दोन्हीकडे भोपळा. आमचे पाच जण मात्र प्रत्येक डावानंतर उठायचे, अंगावरची वाळू झटकायचे, पायाला पाय लावून उभे राहायचे. मी कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत पळत होतो आणि दर खेपेला मनगटावरचं घड्याळ बघत होतो. चौथा भाग सुरू झाला तेव्हा दोन वाजून गेले होते. थोड्या वेळाने मी घड्याळवाल्याकडे गेलो, किती राहिलं विचारलं. म्हणाला, नऊ मिनिटं. मी म्हटलं, ठीक. माझ्या घड्याळाने पंधरा मिनिटं गेली, परत विचारलं. सहा मिनिटं. मी मान वळवून जीपकडे बघितलं.

मुस्तफाने माझ्याकडे पाहिलं असावं. डाव सुटायच्या आधी तो रेषेपाशी आला, कपाळ फुटलेलं, दाढीत वाळू. म्हणाला, “जा तुम्ही, जाफरभाई. आता आम्हाला कळतंय. फट नाही पडू देत.”

जायला हवं होतं. जीप वीस पावलांवर होती. पण सहाच मिनिटं राहिली होती, आणि एक महिना मी त्या पाच गाढवांच्या मागे घसा फोडला होता. निघतोच, एवढा एक डाव बघून निघतो, असं म्हणत मी उभा राहिलो. तो डाव झाला, आणि पाच मिनिटं राहिली. पाच मिनिटांसाठी कोण जातो?

मग ती लाथ बसली. बॉल उंच गेला, नारळासारखा टणटण उड्या मारत त्यांच्या अगदी दाराशी जाऊन पडला. त्यांची शेवटची रेषा पाठीमागे हातभर, समोर आमची भिंत. त्यांचा पळणारा बॉल घेऊन डावीकडे निघाला, वाट नाही. उजवीकडे आला, वाट नाही. मागे सरला. तेवढ्यात अशरफचा पाय वाळूत घसरला आणि तो तोंडावर पडला. भिंतीत फट पडली. एका माणसापुरती. पळणाऱ्याने ती पाहिली, आणि मुस्तफानेही पाहिली. कुणी काही सांगायच्या आत मुस्तफाचं पाऊल उजवीकडे पडलं होतं. तो गोरा मुस्तफाच्या छातीवर आदळला, आणि मुस्तफाने त्याला कवेत घेऊन, बोकड ठेवावा तसा, त्यांच्याच रेषेमागे खाली ठेवला.

असं त्यांना त्यांच्याच रेषेमागे पाडलं की आपल्याला दोन गुण मिळतात. अडीच तास, आणि दोन गुण. साहेब लहान मुलासारखा रडत माझ्याकडे धावत आला, आणि मी त्याच्या बाजूने निघून जीपमध्ये चढलो. तेव्हा तीन वाजले होते. पुढे काय झालं ते मी बघितलं नाही. जिंकले म्हणे.

अडीच तासांचा रस्ता त्या दिवशी अडीच तासांचा नव्हताच. वादळाने जागोजागी वाळूचे बांध घातले होते. जीप दोनदा रुतली, ड्रायव्हर आणि मी हातांनी वाळू उपसली. मी मनात एकच म्हणत होतो, या अल्ला, त्यांचं घड्याळ एवढ्यांदा थांबलं, आता माझं एकदा थांबव. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा अंधार पडून इशाची अजान होत होती. लाँच माणसं सोडून परत येऊन बांधलेली होती. लाँचवाल्याने माझी पेटी बघितली, मग लांब समुद्राकडे बोट केलं आणि म्हणाला, खलास. बोटीचा दिवा दिसत होता. मी पेटीवर बसलो आणि मला रडू आलं. ड्रायव्हर लाजून जीपकडे निघून गेला.

पुढची बोट पंधरा दिवसांनी, म्हणजे निकाह उरकल्यावर. मी तार केली की थांबू नका, हुसेनला बसवा. साहेबाला कळलं तेव्हा तो मेसमध्ये येऊन माझ्यासमोर उभा राहिला, टोपी हातात. पुढच्या बोटीने जा म्हणाला, पाहिजे तेवढी रजा घे. मी म्हटलं, आता कशाला जाऊ, पोरगी सासरी गेलेली असेल. त्याने मॅचचा तो बॉल सगळ्यांच्या सह्या घेऊन मला दिला. मी तो तांदळाच्या पोत्यांमागे टाकून दिला. बरेच दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो, आणि मुस्तफाशी तेवढंही नाही. खरं तर त्या गरिबाचं काय चुकलं होतं? पण मला कुणावर तरी राग काढायचा होता, आणि बोकड तोडायला तोच समोर उभा असायचा.

महिन्याने आमच्या गावचा यूसुफ रजेवरून परत आला. असरच्या नमाजाच्या थोडं आधी तो किचनमध्ये आला, रहिमाने पाठवलेला लग्नाचा खाऊ माझ्या हातात दिला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळं सांगितलं. मंडप मोठा होता. जेवण उत्तम झालं. हुसेनने सगळं अंगावर घेतलं, काझीसमोर बसला, एका दमात सगळं म्हटलं. सईदा रडली, पण सगळ्याच पोरी रडतात. मला बरं वाटावं म्हणून यूसुफ भल्या मनाने शेवटी म्हणाला, “तू काळजी करू नकोस, जाफर. कुठे काही कमी पडलं नाही. तू नव्हतास हे कुणाला जाणवलंही नाही.”

मी म्हटलं, चांगलं झालं. तो नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला गेला आणि मी पोत्यावर बसून राहिलो. एक महिना मी मैदानावर बोंबललो होतो की रिकामी जागा दिसली म्हणून लगेच भरू नका. आणि तिकडे माझी जागा माझ्याच सख्ख्या भावाने भरली, मीच सांगून ठेवलं होतं म्हणून, आणि कुणाला फट दिसलीसुद्धा नाही. हुसेनला काय बोलू? त्याने बरोबरच केलं. सगळे बरोबरच करतात. मला इतका राग आला होता की तो नेमका कुणाचा आलाय हेही सांगता आलं नसतं.

बाहेर इकामत, म्हणजे नमाज उभी राहत असल्याची हाक, झाली तसा मी उठलो. मेसच्या मागे दगडांची चौकट आखून आम्ही नमाजाची जागा केली होती, चटया टाकलेल्या. मी पोचलो तेव्हा सगळे हात बांधून उभे होते. एकच सफ, या दगडापासून त्या दगडापर्यंत, खांद्याला खांदा, बोटभर जागा नाही. सफ भरलेली, आता मागे एकट्यानेच उभं राहावं लागणार म्हणून मी चटईच्या कडेला थांबलो.

मुस्तफा टोकाच्या अलीकडे होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही, पाहायचं नसतंच. पण माझी चाहूल लागली असणार. तो डावीकडे सरकला. त्याच्या पलीकडचा सरकला, त्याच्या पलीकडचा अशरफ सरकला, आणि पार त्या दगडापर्यंत सगळी भिंत सरकली. मधे वाट झाली, साहेब महिनाभर मागत होता तेवढीच. मी तिच्यात जाऊन उभा राहिलो. माझ्या दोन्ही खांद्यांना खांदे लागले, आणि मग नमाज संपेपर्यंत डोळ्यांचं पाणी काही थांबलं नाही.

शेवटी उजवीकडे-डावीकडे मान वळवून सलाम फिरवल्यावर मी मुस्तफाकडे वळलो. महिन्यानंतर पहिल्यांदा धड बोलत होतो, पण आवाज कडकच निघाला.

“मेल्या, तेव्हा हेच करायला काय झालं होतं तुला?”

मुस्तफाने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मग चटईकडे.

“तुम्ही उभं राहायला आलात, जाफरभाई,” तो म्हणाला.